लाकडी घोड्यावरचा स्वार

माणूस बसल्या जागी किती चालू शकतो, हे मला डिचोलीत बदली होऊन आमच्या घरमालकांकडे राहायला गेल्यावर कळलं. मयेच्या तळ्यापासून थोडं आत, कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, कडेला त्यांचं घर. रस्त्याकडची एक खोली आणि अर्धी पडवी माझ्याकडे भाड्यानं. उरलेल्या अर्ध्या पडवीत ते बसायचे. बसायचे म्हणजे कंबर तेवढी कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, टेकायची, पाय चालूच. उजवी टाच जमिनीवर टकटक, डावी तिला साथ द्यायला. मी शाळेच्या वह्या तपासायला घेतल्या की ती टकटक माझ्या लाल पेनात उतरायची आणि पोरांच्या एकाच चुकीखाली दोन दोन रेघा पडायच्या. एकदा न राहवून म्हटलं, “जरा स्वस्थ बसा की!” त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी त्यांना श्वास थांबवायला सांगितला होता.

“बसून कितें जाता, टीचर?” बसून काय होतं, असं मलाच विचारून ते उठून विहिरीकडे गेले. विहिरीवर काम काहीच नव्हतं.

सगळा वाडा, म्हणजे आमची वस्ती, त्यांना भाटकार म्हणायची. गोव्यात भाटकार म्हणजे मोठा जमीनदार. यांची जमीन म्हणजे मूठभर पोफळी आणि एक माड, तोही शेजाऱ्याच्या छपरावर झुकलेला. कुणीतरी थट्टेनं हाक मारली असणार, ती अंगाला चिकटली. मीही तेच म्हणू लागले. त्यांची बायको, म्हणजे आमची काकी, त्यांना काहीच म्हणायची नाही. बोलायचं झालं तर भिंतीकडे बघून बोलायची आणि भाटकारांना ते बरोबर ऐकू जायचं. “पांयांक भिंगरी लावन जल्माक आयल्यात,” एवढं मात्र ती माझ्याकडे बघून म्हणाली होती.

भाटकार मूळचे ट्रकवाले. खाणीवरून माल वाहायचा त्यांचा स्वतःचा टिपर होता. खाणी बंद पडल्या तसा तो फणसाखाली उभा राहिला. रोज सकाळी ते त्यात चढायचे, इंजिन चालू करायचे, गिअर न टाकता थोडा वेळ गुरगुरू द्यायचे आणि उतरायचे. तेवढ्यावर दिवस निघत नसे. मग त्यांनी अळंबी लावून पाहिली, लाव्हे पाळून पाहिले, तळ्यावर पर्यटकांना फिरवायला होडी घेतली. होडीवर पर्यटक चढले तरी वल्ही मारताना यांचे पाय इतके हलायचे, की माणसं अर्ध्या तळ्यातून परत न्या म्हणायची.

पण त्यांचं खरं काम वर्षातून एकदाच असे, शिगम्यात.

आमच्या भागात शिगम्याला घोडेमोडणी निघते. लाकडी तोंडाचा, बांबूच्या सांगाड्याचा घोडा कंबरेला बांधायचा, खाली पायघोळ झालर, डाव्या हातात लगाम, उजव्या हातात तलवार, पायांत घुंगरू. ढोल-ताशे सुरू झाले की हे सगळे स्वार गावच्या शिवेपर्यंत पुढे-मागे नाचत जातात आणि परत येतात. वर घोडेस्वार दिसतो, पण झालरीखाली घोड्याचे पाय म्हणजे त्या माणसाचेच पाय. ते घोडे देवाचे. बांधणारा उपास धरतो, अनवाणी चालतो. भाटकारांसारखा घोडा पंचक्रोशीत कुणी नाचवला नाही, असं त्यांना नावं ठेवणारेसुद्धा सांगायचे. वर्षभर ज्या टाचांनी सगळ्यांना वैताग आणला, त्या टाचांसाठी त्या दिवशी लोक वाट अडवून उभे राहायचे.

मग त्यांचे गुडघे गेले. डॉक्टरांनी नाचायचं नाव काढू नका म्हणून सांगितलं. त्या वर्षीच्या शिगम्यात मी त्यांना मांडावर, म्हणजे जिथून घोडे निघतात त्या जागी, कडेला चपला घालून उभं राहिलेलं पाहिलं. त्यांचा घोडा एका तरण्या मुलाच्या कंबरेला होता. ढोल वाजला आणि भाटकार माघारी फिरले. त्या दिवशी पडवीत टकटक नव्हती, आणि खोटं कशाला बोलू, मला ती हवीशी वाटली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते एका नातलगाच्या लग्नाला घाटावर गेले. काकी जोडीला होतीच. दोन दिवसांनी अंगणात टेम्पो थांबला. आधी काकी उतरली, सरळ घरात गेली आणि आतून भांड्यांचा आवाज सुरू झाला. मग भाटकार उतरले, आणि मागची फळी पाडून त्यांनी एक पांढरी घोडी उतरवली.

“लग्नाक गेल्ले आहेर घेवन,” काकी भिंतीला म्हणाली, “येतना घोडी घेवन आयले.”

“मान पळयात, टीचर!” भाटकारांचं ‘बघा, बघा’ चाललेलं, त्यांना कुणाचंच ऐकू येत नव्हतं. “पांय पळयात! हिका बिजली म्हणपाचें. फाल्यांच्यान हांव वाऱ्यार.”

उद्यापासून वाऱ्यावर! घोडी होती मात्र देखणी. अंगावर हात फिरवला की कातडी थरथरायची, डोळे मोठे आणि जरा दुखावल्यासारखे. पहिल्याच सकाळी तिनं माझ्या खिडकीतून तोंड आत घातलं आणि माझ्या चहाच्या पेल्यात उसासा टाकला. मी तिला गुळाचा खडा दिला. भाटकारांनी पाहिलं आणि त्या महिन्यात भाडं मागायला आले नाहीत.

घोडी पाळणं म्हणजे काय, ते मग आम्ही तिघं शिकलो. टिपरची ताडपत्री काढून तिच्यासाठी छप्पर झालं. डास चावू नयेत म्हणून संध्याकाळी नारळाच्या सोडणांचा धूर, आणि तो धूर माझ्या खोलीत. पावसाळ्यात खूर ओले राहून कुजतात असं कुणी सांगितल्यावर भाटकार दिवसातून कितीदा तरी जुन्या लुंगीनं तिचे पाय पुसायचे आणि वर खोबरेल चोळायचे. “म्हज्या केसांक जल्मांत इतलें तेल मेळूंक ना,” काकी म्हणायची. नाल ठोकणारा माणूस आमच्याकडे कुठला? तो दर खेपेला घाटावरून यायचा, आणि तो आला की काकीला कोंबडी कापावी लागायची. सकाळचे पावाचे उंडे गुळाच्या पाण्यात बुडवून घोडीला मिळायचे. आम्हाला शिळी भाकरी.

एवढं करून बिजली धावायची मात्र नाही.

पहिल्या दिवशी भाटकार पांढरा सदरा घालून तिच्यावर चढले. घोडी डौलात निघाली, माझ्या पायरीपर्यंत आली आणि थांबली. मान उंच करून वाट बघू लागली. कशाची, ते आम्हाला कळेना. भाटकारांनी चुचकारलं, मग पुन्हा चार पावलं, पुन्हा थांबली. एवढ्यात रस्त्यावरून पोदेर आला, सायकलला पावाची टोपली आणि भोंगा पोंय पोंय वाजवत. भोंगा ऐकला मात्र, बिजलीनं मान कमानीसारखी वाकवली आणि पुढचे दोन्ही पाय आलटून पालटून उचलत ती जाग्यावरच नाचायला लागली. पोदेर सायकल टाकून बघत राहिला. त्या दिवशी वाड्याला पाव उशिरा मिळाले.

भाटकारांनी जी घोडी वाऱ्याशी शर्यत लावायला आणली होती, ती वरातीची होती. जन्मभर बँडच्या मागून नवरदेवाला घेऊन ती चार पावलं चालली होती आणि पाहुणे नाचायला लागले की थांबली होती. लग्नात नाचताना बघूनच हे तिच्यावर भाळले होते! पण मानतील तर ते भाटकार कसले. “जागो कमी पडटा तिका,” ते म्हणाले. मग एक दिवस तिला टेम्पोत घालून थेट पेडण्याला मोरजीच्या किनाऱ्यावर घेऊन गेले. सुट्टी होती म्हणून मीही टेम्पोत चढले.

किनाऱ्याच्या एका टोकाला कासवांनी अंडी घातलेली, तिथल्या रखवालदारानं लांबूनच हात हलवून आम्हाला हाकललं. दुसऱ्या टोकाला दिल्लीकडच्या कुणा मंडळींचं लग्न वाळूवर चाललेलं. फुलांचा मांडव, सनई की काय ते स्पीकरवर. बिजलीनं कान टवकारले. भाटकार लगाम ओढताहेत, मी मागून “अहो, अहो” करत पळतेय, आणि घोडी शांतपणे चालत मांडवात शिरली, नवरदेव शोधून काढला आणि त्याच्यासमोर कूस करून उभी राहिली. मंडळींना वाटलं हॉटेलनं पाठवलीय. भाटकारांना खाली उतरवून त्यांनी नवरदेवाला वर बसवला. नवरदेव गाण्यावर पाय हलवायला लागला आणि बिजली अशी काही नाचली, की नवरीची आई तिच्या गळ्यात पडली. परतीच्या वाटेवर भाटकार टेम्पोत माझ्याकडे पाठ करून बसले. टाचा मात्र पत्र्यावर अशा वाजत होत्या, की ड्रायव्हरनं दोनदा गाडी थांबवून चाकं बघितली.

खरं दुखणं काकीनं ओळखलं. रांधणीच्या खिडकीतून ती महिनोन्‌महिने बघत होती, मनातल्या मनात बोटं मोडत आणि हातानं नारळ खवत. एका दुपारी ती बाहेर आली आणि पहिल्यांदाच भिंतीकडे न बघता नवऱ्याकडे बघून म्हणाली, “घोडी नाचना. तुमी नाचतात.”

“हांव?”

“पांय पळयात तुमचे!”

मी पाहिलं. काकीचं खरं होतं. भाटकार घोडीवर बसले होते आणि त्यांच्या टाचा तिच्या बरगड्यांवर ताल धरत होत्या. हा माणूस जन्मभर ज्या घोड्यावर बसला, त्या घोड्याला स्वतःचे पाय नव्हते. स्वारानं पाय हलवले तरच घोडा हलायचा. खरी घोडी कमरेखाली आली तरी यांचे पाय तेच काम करत होते. आणि टाचांचा ताल लागला की नाचायचं, एवढंच त्या घोडीला शिकवलेलं. दोघं एकमेकांचं तंतोतंत ऐकत होते.

हे कळल्यावर शहाणा माणूस हसला असता. भाटकार मांडावर गेले.

शिगमा जवळ आला होता आणि गावकार मंडळी ठरवाठरवीला जमली होती. भाटकारांनी उभ्या उभ्या मागणं घातलं, गुडघे गेले तरी मला घोडेमोडणीतून काढू नका, मी माझ्या घोडीवर बसून येतो. एक जाणते गावकार होते, शांत माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “देवाचे घोडे नाचतात, भाटकार. तांचेसरीं तुजी घोडी नाचूंक लागली जाल्यार लोकांनी हात कोणाक जोडचे?”

पण गावकारांनाही त्यांची दया आली असावी. घोडी पुढे चालू दे, शिवेपर्यंत जाऊ दे, पण नाचता कामा नये, असं ठरलं. तेवढ्यावर गप्प बसायचं की नाही? पण यांची जीभ पायांच्या वरताण. कुणी मागितला नव्हता तो शब्द त्यांनी नारळावर हात ठेवून देऊन टाकला, “नाचची ना. नाचली जाल्यार दुसऱ्या दिसा घाटार धाडटां.”

घरी येऊन त्यांनी काकीला सांगितलं. थोड्या वेळानं ती गोठ्याकडे गेली. घोडीच्या कपाळावर हात ठेवून उभी होती. तोपर्यंत मी तिला घोडीला हात लावताना कधी पाहिलं नव्हतं.

मग सुरू झाली आमची तालीम. संध्याकाळी भाटकार घोडीवर बसायचे, काकी त्यांचे घोटे पट्ट्यांनी रिकिबीला बांधायची आणि मी बिस्किटांचा रिकामा डबा घेऊन शिगम्याचा ताल वाजवायचे. शाळेतली पोरं कुंपणावरून बघायची. दुसऱ्या दिवशी वर्गात काय इज्जत राहणार? भाटकारांना घाम फुटायचा. पाय बांधले तर खांदे हलायचे, खांदे आवरले तर जबडा. “बसून कितें जाता, तें आतां कळटलें,” काकी म्हणायची. हळूहळू खांदे थांबले. एके दिवशी पट्टे न बांधता ते तिच्यावर बसले, मी डबा बडवला, आणि घोडी नुसती उभी राहिली. काकीनं मला मिठी मारली.

दुसऱ्या सकाळी ते तिला खाणीच्या जुन्या रस्त्यावर घेऊन गेले. लाल, रुंद, सरळ रस्ता, ज्यावर पूर्वी त्यांचा टिपर धावायचा आणि आता काळं कुत्रं नसे. तासाभरानं परत आले ते लाल धुळीनं माखून.

“धांवली?” मी विचारलं.

“धांवली.”

“मग?”

“मग कितें?” ते उतरले आणि तिचे खूर पुसायला लागले. “ती धांवली. हांव वयर बशिल्लों.” एवढंच म्हणाले. ज्यासाठी वर्षभर जिवाचं रान केलं ते मिळाल्यावर माणूस असा पडेल का होतो, ते मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, मिरवणुकीची काळजी लागली असेल.

शिगम्याच्या दिवशी भाटकार अनवाणी होते. त्यांना उपासाची सक्ती नव्हती, तरी सकाळपासून त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. दुपार कलताना ढोल वाजला. सगळ्यांच्या पुढे बिजली, तिच्या एका बाजूला मी, कारण गडबड झाली तर लगाम धरायला कुणीतरी हवं, आणि मागे ते लाल-पांढऱ्या वेषातले देवाचे घोडे. घराघरांतून बायका घोड्यांच्या पायांवर पाणी ओतत होत्या. आमच्या घरासमोर काकी कळशी घेऊन उभी होती. तिनं आधी बिजलीच्या पायांवर ओतलं. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. काकीनं कुणाकडेच पाहिलं नाही.

भाटकार बसले होते. खरोखर बसले होते. मागे ढोल, ताशे, कासाळी, घुंगरं, सगळा गाव नुसता घुमत होता, आणि हा माणूस कोरून ठेवल्यासारखा. घोडीच्या अंगातून कळा जात होत्या, कान मागे-पुढे होत होते, पण वरून हुकूम येत नव्हता म्हणून ती चालत राहिली. शिवेवर पोचलो. जाणत्या गावकारांनी माझ्याकडे बघून मान हलवली. जिंकलो होतो. घोडी राहणार होती. मला इतका आनंद झाला, की मी तिच्या मानेवर थाप मारली.

मग शिवेवर मोठा नाच सुरू झाला. सगळे घोडे एकदम पुढे, एकदम मागे. मी वर बघितलं. भाटकार स्वारांच्या तोंडांकडे बघतच नव्हते. झालरीखालच्या पायांकडे बघत होते. त्यांचा जुना घोडा बांधलेला तो तरणा मुलगा एका ठिकाणी जरा मागे पडत होता आणि भाटकारांच्या गालाचा स्नायू दर वेळी तिथंच उडत होता. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायलाही त्यांनी हात हलवला नाही.

आणि त्यांची उजवी टाच घोडीला लागली.

मला वाटलं, चुकून. मी हळूच म्हटलं, “भाटकार, पाय.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर चुकलेल्या माणसाची नव्हती. मग डावी टाच लागली. बिजलीनं मान उचलली, तिलाही विश्वास बसेना. पुन्हा उजवी, पुन्हा डावी.

ती वरातीतलं काही नाचली नाही. देवाच्या घोड्यांबरोबर पुढे गेली, त्यांच्याबरोबर मागे आली. तिच्या पाठीवर भाटकार, ताठ, एक हात लगामावर, दुसरा नसलेली तलवार धरून उंच. ढोलवाल्यांनी ढोल थांबवला नाही, उलट वाढवला. एका म्हातारीनं हात जोडले. कुणाला, ते देव जाणे. मी लगाम सोडून दिला होता आणि रस्त्यात उभी राहून रडत होते.

नंतर जाणते गावकार स्वतः घरी आले, घोडी ठेवून घे म्हणायला. “जालें तें जालें, भाटकार. देवान पळयलां. घोडी दवर.”

“उतर दिलां,” भाटकार म्हणाले. दिलेल्या शब्दापुढे त्यांनी काही ऐकून घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. ज्या बँडवाल्याकडून घेतली त्याच्याचकडे ती परत चालली होती. काकीनं तिच्यासाठी उंडे बांधून दिले. मला मात्र राग आवरेना. “तुम्ही जिंकला होतात!” मी म्हटलं. “थोडा वेळ, फक्त थोडा वेळ पाय आवरायचे होते. का केलंत असं?”

ते घोडीच्या कपाळावरचे केस विंचरत राहिले. “टीचर, म्हजे पांय गेले,” ते म्हणाले. “तिचे आसात. म्हज्या उतराक लागून ती जल्मभर उबी रावतली? तिका नाचपाक जाय आशिल्लें. म्हाकाय जाय आशिल्लें.” नाचायला दोघांनाही हवं होतं. मग त्यांनी फळी लावली आणि टेम्पोच्या पत्र्यावर थाप मारली.

पुढच्या वर्षी माझी बदली पेडणे तालुक्यात चोपड्याला झाली. पेडणे आणि डिचोली काही लांब नाहीत, पण जाणं होत नाही ते नाहीच. काकीला अधूनमधून फोन करते. परवा लग्नसराईत केला तर उचलेना. दुसऱ्या दिवशी तिचाच आला, आवाज बसलेला.

“कुठे होतीस गं काकी?”

“घाटार. लग्नाक.”

“कुणाच्या?”

“तें कोणाक खबर! हे जातात, हर लग्नाक जातात. तो बँडवालो फोन करून सांगता, फलाण्या गांवांत वरात आसा म्हूण. धुतिल्लो सदरो घालतात आनी वचून घोडयेमुखार नाचतात. गुडगे धरून नाचतात गो! दोतोर सांगून थकलो. हे खेपेक म्हणटलें, कितें करतात तें पळोवया तरी, म्हूण हांवूय गेलें.” ती हसायला लागली, मग हसू आवरून म्हणाली, “यजमान आयलो. बरो मनीस. हात जोडून विचारता, काका, तुम्ही मुलाकडचे की मुलीकडचे? हे म्हणटात, आमी घोडयेकडचे.”

“आणि तू? तुला नाही विचारलं?”

“विचारलें मगो.” तिनं बसलेला घसा साफ केला. “हांवेंय तेंच सांगलें.”